राजधानी गेली, बिऱ्हाड राहिलं

नागपूर ९५ वर्षं राजधानी होतं. भोसल्यांचा काळ यात धरलेला नाही, तो हिशेब वेगळा. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, गादीला वारस नाही असं ठरवून कंपनीनं राज्य खालसा केलं, आणि १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. त्याची राजधानी नागपूर. १९०३ साली वऱ्हाड या प्रांताला जोडला. १९५० साली त्याचंच नाव मध्य प्रदेश झालं, पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री, आणि राजधानी तीच. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. कच्छपासून चांद्यापर्यंत पसरलेलं ते एक अवाढव्य द्विभाषिक राज्य होतं आणि त्याचं सगळं चालणार होतं मुंबईहून.

या तारखेच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यामुळं १९५६ म्हटलं की नागपूरकराला दीक्षाभूमी आठवते, आणि तेच बरोबर आहे. राजधानी गेल्याचं दुःख पुढाऱ्यांना झालं, वकिलांना झालं, कारण हायकोर्टाचंही खंडपीठ होऊन बसलं. पण त्या दिवशी ज्यांच्या ताटातली भाकर हलली ते कारकून होते. त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही. माझे वडील त्यांतले एक.

बाबा सिव्हिल लाइन्समधल्या सचिवालयात कारकून होते. गाव आमचं काटोल तालुक्यातलं, पण बिऱ्हाड नागपुरात महालात. दोन खोल्या, भाडं १४ रुपये, नळ वाड्यात सामाईक. मी दहा वर्षांचा, ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, धाकटा भाऊ मांडीवरचा. पगार १३५ रुपये. बाबांना हिशेबाची वही लिहायची सवय होती. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची ती वही अजून माझ्याकडे आहे. इतिहास म्हणून मी जे सांगतोय त्यातलं निम्मं छापील पुस्तकातलं आहे नि निम्मं त्या वहीतलं.

सचिवालयातल्या माणसांची वाटणी झाली. महाकोशलाकडची, हिंदी बोलणारी बहुतेक मंडळी भोपाळला निघाली, मराठी मंडळी मुंबईच्या यादीत. बरोबर जेवणारे, एकाच टेबलाशी वीस वर्षं बसलेले लोक दोन दिशांच्या गाड्यांत बसले. कायद्यात तरतूद होती की केंद्राच्या मंजुरीशिवाय कुणाच्या नोकरीच्या शर्ती त्याच्या तोट्याच्या होईल अशा बदलायच्या नाहीत. चांगली तरतूद होती. पण नोकरीच्या शर्तीत खोलीचं भाडं येत नाही, दूध येत नाही, म्हाताऱ्या बापाची देखभाल येत नाही.

बाबांपुढे तीन वाटा होत्या. सगळं बिऱ्हाड मुंबईला न्यायचं, ही पहिली. आपण एकट्यानं मुंबईला जायचं आणि बिऱ्हाड गावी, ही दुसरी. तिसरी, नोकरी सोडून शेती करायची. वहीत १९५६ च्या दिवाळीनंतरची चार पानं या तीन वाटांनी भरली आहेत.

तिसरी वाट एका ओळीत संपली आहे. ‘शेती सर्वांस पुरणार नाही.’ आजा होता, मोठेबाबा होते, त्यांची चार पोरं होती.

खरा झगडा पहिल्या दोन वाटांचा. तो समजायला मुंबईच्या खोलीचा भाव समजला पाहिजे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली होती. भाडेकरूच्या रक्षणासाठीच तो कायदा होता, आणि जो आत होता त्याचं रक्षण झालंही. पण बाहेरून येणाऱ्याला दार लागलं. मालकाला भाडं वाढवता येईना, म्हणून तो खोली देताना एकरकमी पागडी घेऊ लागला. पागडी बेकायदा होती आणि सगळेच घेत होते. बाबांचे एक सोबती आधी जाऊन चौकशी करून आले. परळला चाळीतली एक खोली, दहा बाय बारा, संडास मजल्याच्या टोकाला, भाडं अकरा रुपये. म्हणजे आमच्या महालातल्या दोन खोल्यांहून कमीच! पागडी मात्र दोन हजार.

दोन हजार रुपये आमच्याकडे एकाच ठिकाणी होते, संत्र्याच्या बगीच्यात. वाटणीत बाबांच्या वाट्याला आलेल्या तीन एकरांत १९५३ च्या पावसाळ्यात कलमं लावली होती, जंबेरीच्या खुंटावरची. काटोलकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. संत्र्याचं झाड पाचव्या-सहाव्या वर्षाशिवाय धडपणे फळ देत नाही. तोवर नुसतं घालत राहायचं. शेणखत घाला, मोटेचं पाणी द्या, आळी करा. मग धरायला लागलं की दोन बहार. आंबिया बहाराचा फुलोरा जानेवारीत, फळं दिवाळीच्या आगंमागं. मृगाचा फुलोरा पावसाच्या तोंडाशी, फळं फेब्रुवारी-मार्चात, आणि तीच गोडीला सरस. बहाराआधी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं, पानं कोमेजू द्यायची. झाड घाबरलं की फुलतं, असं आजा म्हणायचा. १९५६ मध्ये आमची झाडं तीन वर्षांची होती. घेणारा २२०० द्यायला तयार होता. दोन वर्षं थांबलं तर तोच बगीचा दुपटीला गेला असता.

आज्यानं एकच वाक्य बोललं. “जमीन इकून भाड्याच्या खोलीत रायतेत का कोनी, बापू?”

मायनं मात्र दोन्ही बाजू मांडल्या. “खोली घेतली त बगीचा जाते, बगीचा ठेवला त तुमी जाता. काय ठेवाचं थे सांगा.”

बगीचा ठेवला. १९५७ च्या जानेवारीत बाबा एकटे मुंबईला गेले, आणि आम्ही महालातल्या खोल्या सोडून बैलगाडीवर संसार टाकून काटोल स्टेशनवरून गावी आलो. घरमालक भाडं दोन रुपयांनी उतरवायला तयार झाला होता, कारण त्या महिन्यात नागपुरात कितीतरी खोल्यांना एकदम कुलूप लागलं होतं.

इथं थोडं मागं जातो. बाबांनी जी आकडेमोड केली तीच ८० वर्षांपूर्वी एका फार मोठ्या माणसानं उलट बाजूनं केली होती. जमशेटजी टाटांना कापडगिरणी काढायची होती. तेव्हा गिरणी म्हटली की मुंबई, दुसरं नावच नाही. यांनी मुंबई सोडली. जबलपूर पाहिलं, ते जमलं नाही, आणि नागपूर धरलं. कापूस वर्धा-हिंगणघाटकडचा, म्हणजे दारातला. कोळसा वरोऱ्याचा. रेल्वे १८६७ साली नागपूरला येऊन पोचलेली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली. भर घालून घालून ती उभी करावी लागली, आणि टाटांच्या चरित्रांत हकीकत येते की एका मारवाडी सावकारानं, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून पैसा द्यायला नकार दिला. पुढं त्यालाच म्हणावं लागलं की यानं माती घातली आणि सोनं काढलं. १५ लाखांच्या भांडवलाची ती कंपनी. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस मिल.

पण या गोष्टीचा मला आवडणारा भाग पुढचा आहे. जागा स्वस्त, कापूस स्वस्त, मजूर स्वस्त. पण तो मजूर रोज कामावर येईना. घरी शेती, हातमाग, सणवार, कुणाचं तरी लग्न. शंभरातले वीस-वीस जण गैरहजर. मुंबईचा गिरणीकामगार कोकणातून पोट घेऊन आलेला, त्याला गिरणीखेरीज आधार नव्हता. नागपूरच्या माणसाला होता. तेव्हा टाटांनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी, जे आधी रेल्वेच्या मालखात्यात होते, बक्षिसं काढली, खेळांचे सामने भरवले, १८८६ साली पेन्शन फंड काढला. हिंदुस्थानात असल्या गोष्टी कुणी ऐकल्या नव्हत्या. ते काही नुसतं औदार्य नव्हतं. स्वस्त गाव पूर्ण स्वस्त कधी नसतं, उरलेली किंमत दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात भरावी लागते, हे टाटांना कळलं होतं. ती त्यांनी भरली, आणि मुख्य म्हणजे वहीत लिहून भरली.

आमच्या वहीत तसं झालं नाही.

बाबांचा मुंबईचा महिना वहीत असा आहे. खाणावळ ३८ रुपये. दादरला एका खोलीत पाच जण, पाचही विदर्भातले, प्रत्येकी ९. लोकलचा पास ६. चहा, साबण, न्हावी, टपाल १२. घरी मनिऑर्डर ६०. शिल्लक १०, आणि ती वर्षातून दोनदा गावी येण्याच्या तिकिटात जायची. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. त्या दिवसापासून वहीतले आणे गेले आणि काही महिने प्रत्येक आकड्यापुढे कंसात जुना हिशेब आहे, ‘म्हणजे चार आणे’, ‘म्हणजे दीड आणा’. राज्य बदललं, नाणं बदललं, माणूस जुन्या मापानंच मोजत होता. व्हीटी ते नागपूर ८३७ किलोमीटर, पुढं इटारसीच्या लाइनीवर काटोल साठेक किलोमीटर, तिथून गाव बैलगाडीनं. निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरी पोचायचा, आणि आल्याबरोबर आधी बगीच्यात जायचा.

सचिवालयाची मुंबईतली इमारत तेव्हा नवीकोरी होती. बाबांना तिचं फार कौतुक. पण तिथं यांच्या बोलण्याला लोक हसत. ‘मी येऊन राहिलो’ म्हटलं की विचारत, येताय की राहताय? पुनर्रचना झालेल्या सगळ्याच राज्यांत निरनिराळ्या भागांतून आलेल्या नोकरांच्या ज्येष्ठतेच्या याद्या वर्षानुवर्षं लागत राहिल्या, तशा यांच्याही लागल्या. नागपूरला बदली मागणारे अर्ज ढीगभर आणि जागा मूठभर. बाबांनी सात अर्ज केले. प्रत्येकाची नक्कल वहीत आहे.

आता मायचा महिना. तो कुठंच लिहिलेला नाही, म्हणून आठवून लिहितो. पहाटे मोट. सालदार होता, पण तो मोठेबाबांचा आणि आमचा सामाईक, म्हणजे आधी त्यांचा. गुढीपाडव्याला सालदाराचं साल ठरायचं, तेव्हा वाटाघाटीत ही पुरुषांच्या मागं उभी राहून पदरातून बोलायची. आळ्यांना पाणी, निंदण, डिंक्या लागलेल्या झाडाच्या खोडाला लेप, दोन म्हशी, आज्याचं दुखणं, आम्ही तिघं. आधी महालात तिला नळाचं पाणी होतं आणि संध्याकाळी शेजारणींबरोबर देवळात जायला तास-दीड तास मिळायचा. गावात भाडं शून्य, दूध घरचं, ज्वारी घरची, भाजी घरची, असं बाबांनी वहीत लिहिलं आहे. चार ठिकाणी ‘घरची’, आणि चारही ठिकाणी रकमेच्या जागी आडवी रेघ. त्या रेघेवर माझी माय उभी होती. बाबा निर्दय नव्हते, उलट फार मायाळू. पण बाईच्या कष्टाला वहीत रकाना असतो हे त्या काळच्या कुठल्याच कारकुनाला माहीत नव्हतं. आजच्या सनदी लेखापालांनाही माहीत असेल असं वाटत नाही.

दुसरी आडवी रेघ ताईची. नागपुरात ती आठवीत होती, वर्गात पहिल्या पाचांत. गावात शाळा चौथीपर्यंत, हायस्कूल काटोलला, चार कोस. मला पुढं सायकल मिळाली. ताईला कोण पाठवणार? माय एकटी, घरात पुरुषमाणूस म्हातारा, गावात तऱ्हेतऱ्हेचे डोळे. शिवाय मायला हाताखाली कुणीतरी हवंच होतं. दिवाळीत बाबा आले तेव्हा ताईची पुस्तकं माळ्यावर गेलेली होती. १९६१ साली तिचं लग्न झालं, आणि त्या लग्नाचा खर्च संत्र्यानं दिला. बगीचा १९५९ पासून धरायला लागला होता. व्यापारी ठोक्यानं घ्यायचा, काटोल स्टेशनवरून पेट्या दिल्लीकडं जायच्या. म्हणजे आज्याचा अंदाज पैशापुरता बरोबर ठरला. तो नसता ठरला तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं.

हिवाळ्याचं एक सांगितलं पाहिजे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात कलम होतं की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथं भरेल. फाजल अली आयोगानं १९५५ साली विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं, अणे-बियाणींसारखे पुढारी त्या बाजूचे होते. ते झालं नाही, पण अधिवेशन मिळालं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्या वर्षापासून हिवाळी अधिवेशन सुरू झालं. वर्तमानपत्रवाले त्याला संत्र्या-हुरड्याची सहल म्हणतात. म्हणोत. आमच्या घरी ते अधिवेशन म्हणजे बाबा सरकारी खर्चानं घरी येण्याचा रस्ता होता. मुंबईहून फायलींच्या पेट्या निघायच्या, पेट्यांबरोबर कारकून निघायचे, आणि त्यांतले अर्धेअधिक नागपूरकडचेच असायचे, कारण बाकीच्यांना थंडी सोसत नसे. रविवारी बाबा गावी यायचे. एका वर्षी सभागृहात विदर्भाच्या अनुशेषावर, म्हणजे सिंचनावर, मोठी चर्चा झाली म्हणून ते कौतुकानं सांगत होते. माय मोटेचा नाडा वळत बसली होती. ती म्हणाली, “त्याईले म्हना, आमच्या इहिरीवर येऊन पाहा.”

बाबा १९७२ साली निवृत्त होऊन आले. सोळा वर्षांत त्यांनी मुंबईत स्वतःची म्हणून एक पत्र्याची पेटी आणि एक छत्री एवढीच वस्तू केली. त्यांच्या खोलीतले दोघे पुढं पागडी देऊन, बायकोचे दागिने मोडून, मुंबईत बिऱ्हाड करून राहिले. त्यांतल्या एकाची मुलगी डॉक्टर झाली. ही बातमी बाबांनी ताईसमोर कधी काढली नाही, एवढं मला ठाऊक आहे. आमचा बगीचा १९७० नंतर डिंक्यानं आणि विहीर आटल्यानं खालावत गेला, आम्ही तिथं कापूस घेऊ लागलो. पण जमीन आहे. परळची ती खोली राहिली असती तर आज तिची किंमत त्या तीन एकरांच्या कितीतरी पट असती, असं माझा मुलगा म्हणतो. तो हिशेब मी करत नाही. ती खोली घेतली असती तर आजा कुणाच्या भरवशावर मेला असता, हेही त्यात धरावं लागेल.

ताईला मी एकदा, आम्ही दोघंही सत्तरी ओलांडल्यावर, विचारलं होतं की तेव्हा काय करायला पाहिजे होतं. ती भाजी निवडत होती. “आता मले काय विचारतं बाबू? तवाच विचारा लागत होतं.”

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझी नात. ती आणि तिचा नवरा दोघं पुण्यात संगणकाच्या कंपन्यांत. हिंजवडीकडं दोन खोल्या नि हॉल, भाडं २८ हजार, येण्याजाण्यात रोजचे दोन-अडीच तास. करोनात घरून काम सुरू झालं आणि त्यांना प्रश्न पडला की पुण्यात राहायचं कशासाठी? नागपुरात तेवढंच घर १३ हजारांत. मेट्रो आहे, मिहान आहे, समृद्धी महामार्ग झालाय. एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा आहे, टाटांनी भर घातलेल्या त्याच जमिनीवर. गिरणी २००२ साली कायमची बंद झाली. शहराच्या चारी बाजूंनी संत्र्याच्या आणि कापसाच्या शेतांचे लेआऊट पडलेत, आणि स्वस्त म्हणून येणाऱ्या माणसांमुळंच बेसा-मनीषनगरकडचे भाव रोज चढतायत. नातीनं लॅपटॉपवर दोन रकाने केले होते, पुणे आणि नागपूर. मी तिला बाबांची वही दाखवली. तिनं ती ताईसमोरच उलटून पाहिली, ‘घरची’ शब्दापाशी थांबली आणि विचारलं, “आबा, इथं आकडा का नाही?”

मी काही बोलायच्या आत ताईनं तिला उलटं विचारलं, “तिकडं आल्यावर तुही नोकरी रायते न? का त्याचीच रायते?”

नातीनं सांगितलं, दोघांची राहते. कंपनी महिन्यातून चार दिवस पुण्याला बोलावते, तेवढं ट्रॅव्हल्सनं जाऊन येणार. ते चार दिवस पोरीला कोण पाहील, हे ताईनं विचारलं. नवरा पाहील, असं ती म्हणाली. ताईनं नातजावयाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. मग तिनं वही मिटून मला परत दिली.

गेल्या दिवाळीपासून ते बेसा रोडवर राहतात. करार अकरा महिन्यांचा आहे. पुण्याच्या घराचा भाडेकरार त्यांनी अजून मोडलेला नाही, तो एका मित्राला पोटभाड्यानं दिलाय, आणि नातीनं लॅपटॉपवरच्या त्या दोन रकान्यांत एक तिसरा वाढवलाय.